दोन फिलिप आणि एक काळी फटफटी

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात फटफटीवर लेख लिहावा, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. संतवाङ्मय संपले की काय, असेही कोणी विचारील. ते संपलेले नाही. परंतु गेले वर्षभर मी या नादाला लागलो आहे खरा, आणि त्याला कारण आमच्या घरातला एक वाद.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. सलग चार दिवसांची सुट्टी मिळाली की तो मोटारसायकल काढून हंपी नाही तर गोकर्ण गाठतो. आता त्याला मोठी, भक्कम वेगाची गाडी हवी आहे. आमची ताई म्हणाली, "घ्यायची तर घे बाबा, पण हळू चालणारी घे." त्यावर चिरंजीव म्हणाले, "आई, लांबच्या रस्त्याला हळू चालणारी गाडीच जास्त दमवते. आणि दमलेला माणूसच पडतो. विचार मामाला!" मामाला यातले काय कळणार? पण घरात जो एम.ए. झालेला असतो त्याला सर्वच विषयांत गती असते, असा आपल्याकडे समज आहे. मी थोडी मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो.

वाचल्यावर पहिली गोष्ट समजली ती अशी, की ताई आणि भाचा दोघेही एका जुन्या भांडणात सापडले आहेत. मोटारसायकली बांधणारे लोक पहिल्यापासून दोन जातींच्या गाड्या बांधत आले. एक शर्यतीची. तिच्यावर माणूस टाकीवर ओणवा होऊन बसतो, सगळा भार मनगटांवर येतो, बसायची जागा देवघरातल्या पाटाइतकी कडक, आणि तासाभराने मान धरते. दुसरी प्रवासाची. ती ऐसपैस, जड, हँडल उंच, ताशी 60 किलोमीटरला पालखीसारखी सुखाची. पण तिलाच ताशी 120 ला न्यावे तर वारा छातीवर असा आदळतो, की माणूस हँडलाला धरून लोंबकळू लागतो. येथे थोडे गणित आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि त्या रेट्यातून गाडी ढकलायला इंजिनाला आठपट शक्ती खर्चावी लागते. गाडी ती शक्ती पेट्रोलातून काढते. माणसाने आपली मान आणि खांदे ताठ ठेवायचे ते कशाच्या बळावर?

शिवाय थरथर. एकाच मोठ्या सिलिंडरचे इंजिन ठोके देत चालते. आपल्या 'फटफटी' या सुंदर अनुकरणवाचक शब्दाचा जन्म त्या ठोक्यांतूनच झाला. शब्द गोड असला तरी दोनशे किलोमीटरनंतर बोटांना मुंग्या येतात. आमच्या विषयात 'सुख' या शब्दाची एक व्युत्पत्ती सांगतात: सु म्हणजे चांगले, ख म्हणजे छिद्र, रथाच्या चाकाचे, आस जिथून जातो ते छिद्र नीट असले की ते सुख, वाकडे असले की दुःख. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही. पण मोटारसायकलीच्या कारखानदारांना ती फार आवडली असती, विशेषतः दोघांना. त्या दोघांचेही नाव फिलिप.

पहिला फिलिप व्हिन्सेंट. जन्म 1908 चा, वडिलांचा अर्जेंटिनात गुरांचा मोठा व्यवसाय, मुलाचे शिक्षण इंग्लंडमध्ये हॅरो आणि केंब्रिजला. 1928 साली, म्हणजे अवघ्या विशीत, त्याने वडिलांच्या पैशांतून एच.आर.डी. ही बंद पडलेली मोटारसायकल कंपनी तिच्या नावासकट विकत घेतली आणि स्टीव्हनेज गावात कारखाना थाटला. त्याच्या डोक्यात एकच खूळ होते: मागच्या चाकाला स्प्रिंग पाहिजे. त्या काळी बहुतेक गाड्यांची मागची बाजू लोखंडाला लोखंड जोडून ताठ केलेली असे. रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यात. स्प्रिंग लावली तर गाडी डुलेल, तोल जाईल, असा जाणकारांचाही ग्रह होता. व्हिन्सेंटने मागचे चाक एका त्रिकोणी सांगाड्यात बसवले, तो सांगाडा बिजागरीसारखा खालीवर हलेल असा केला, आणि स्प्रिंगा बसण्याच्या जागेखाली दडवल्या. गिऱ्हाइकांनी नाके मुरडली, तेव्हा त्याने गाडी नेहमीच्या ताठ गाडीसारखीच दिसेल अशी रचना करून पाहिली! सुखसुद्धा लपवून विकावे लागते, ही गंमत मला फार आवडली.

दुसरा फिल आयर्व्हिंग, ऑस्ट्रेलियाचा इंजिनिअर. मेलबर्नला पोचलेल्या एका जगप्रवाशाच्या व्हिन्सेंट-एच.आर.डी. गाडीवरून, त्याचा सोबती म्हणून, हा 1930 साली इंग्लंडला निघाला आणि पुढे त्याच कारखान्यात नोकरीला लागला. ज्याने आराखडा काढायचा त्याने आधी त्या गाडीवरून अर्धी पृथ्वी पाहिली होती! आपल्याकडे खुर्च्या बनवणाऱ्यांना त्यांच्याच खुर्चीत एखादे भाषण ऐकायला बसवावे, असे मला अनेक सभागृहांत वाटून गेले आहे.

1936 साली आयर्व्हिंगच्या टेबलावर एकाच सिलिंडरच्या इंजिनाचे दोन पारदर्शक नकाशे एकमेकांवर तिरके पडलेले होते, आणि त्यातून इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन सिलिंडरांचे इंजिन त्याला दिसले, अशी हकिकत सांगतात. त्यातून निघाली 998 सी.सी.ची रॅपिड. तिच्या बाहेरून तेलाच्या इतक्या नळ्या गेल्या होत्या, की लोकांनी तिची नळजोडाऱ्यांच्या नावाने थट्टा केली. मग महायुद्ध आले. युद्धानंतर, 1946 साली, दोघांनी ती गाडी नव्याने मांडली, आणि वेग व सुख यांची खरी सोयरीक तेव्हा जमली.

त्यांनी सांगाड्याची खालची नळीच काढून टाकली. इंजिन हाच गाडीचा कणा. वर पेट्रोलच्या टाकीखाली पोलादी पेटीसारखी तुळई, आणि तिच्या पोकळीत इंजिनाचे तेल. गाडी आखूड झाली, हलकी झाली. इंजिन मोठे असल्याने त्याला पळवावे लागत नसे. ताशी 60 मैलांना, म्हणजे सुमारे 97 किलोमीटरला, ते मिनिटाला जेमतेम 2,700 फेरे घेई. छोटे इंजिन ज्या वेगाला किंचाळते त्या वेगाला हे गुणगुणे. माझ्या भाच्याचे म्हणणे नेमके हेच होते. अंगात शिल्लक असलेला वेग हा रोज उधळण्यासाठी नसतो, बँकेतल्या ठेवीसारखा असतो. आणि थांबण्याचीही सोय होती: प्रत्येक चाकाला दोन-दोन, असे चार ब्रेक. हे वाक्य मी ताईला दोनदा वाचून दाखवले.

पाय ठेवायच्या खुंट्या आणि पायाने दाबायच्या दांड्या माणसाच्या उंचीप्रमाणे पुढेमागे करता येत. दोघांची सलग सीट पुढून टाकीमागे बिजागरीने टेकलेली आणि मागून स्प्रिंगच्या सांगाड्यावर तोललेली, म्हणजे मागे बसलेल्या बाईमाणसाचाही विचार झाला होता. चाक काढायला पाना लागत नसे. आडवी दांडी हाताने फिरवली की काम झाले. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे लावता येत. साइडकार जोडून कुटुंबासह निघायचे असेल तर चाक उलटे फिरवून बसवायचे, की चढाला गाडी जोर धरी. हे तपशील वाचताना मला आमच्या आजीचा प्रवासाचा डबा आठवला. वाटेत काय काय लागेल, याचा विचार आधीच झालेला.

1948 साली हिचीच तिखट बहीण आली, ब्लॅक शॅडो. इंजिनही काळे रंगवलेले, 55 अश्वशक्ती, वेग ताशी 125 मैल, म्हणजे 200 किलोमीटर. त्याच वर्षी 13 सप्टेंबरला अमेरिकेत युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रॉली फ्री नावाच्या गृहस्थाने खास तयार केलेली व्हिन्सेंट ताशी 150 मैलांच्या वर नेली. आधीच्या फेऱ्यांत त्याचे कातडी कपडे वाऱ्याने फाटले होते. तेव्हा हा पठ्ठ्या पोहण्याच्या चड्डीवर, पाय मागे सोडून, गाडीवर पालथा निजला! त्याचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. घरातल्या तरुण मुलांना ते अवश्य दाखवावे, पण अनुकरणासाठी नव्हे; वारा किती मोठा शत्रू आहे हे समजण्यासाठी.

कारण हा शत्रू जिंकायचा राहिला होता. खड्डा जिंकला, थरथर बरीच जिंकली, पण ताशी 200 चा वेग माणसाला किती मिनिटे सोसवणार? व्हिन्सेंटला हे कळत होते. चाचणीसाठी गाडी चालवताना 1947 साली त्याला स्वतःला मोठा अपघात होऊन डोक्याला जबर मार बसला होता, तरी त्याचा नाद सुटला नाही. 1954 साली त्याने ब्लॅक प्रिन्स काढली: पुढे काचेचा आडोसा, पायांना ढाली, आणि मागचे चाक व इंजिन काचतंतूंच्या कवचात झाकलेले. गृहस्थाने चांगले कपडे घालून, चिखल न उडवून घेता, वेगाने दूरच्या गावी जावे. लोकांनी तोंड फिरवले. इतके देखणे इंजिन झाकायचे? म्हणे ही गाडी की कपाट! कवचांचा पुरवठाही वेळेवर होईना, आणि मुळात या गाड्या इतक्या मनापासून बांधलेल्या, की विकून हाती काही उरत नसे. डिसेंबर 1955 मध्ये स्टीव्हनेजला मोटारसायकली बांधणे बंद झाले.

पुढची दोन दशके हा प्रश्न तसाच पडून होता असे नाही. पण त्याला सरळ भिडले ते जर्मन लोक. बी.एम.डब्ल्यू.चे इंजिन मुळातच समंजस. दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे, एक दट्ट्या बाहेर जातो तेव्हा दुसराही उलट दिशेला जातो, त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खातो. साखळीऐवजी फिरता दांडा, म्हणजे वाटेत साखळी ताणा, तेल घाला, ही कटकट नाही. त्यांचा रचनाकार हान्स मुथ याने आडोसा डोळ्यांच्या अंदाजाने न आखता इटलीत, पिनिनफरीनाच्या वाताच्या बोगद्यात गाडी उभी करून आखला. वारा कुठून येतो, कुठे वळतो, पुढचे चाक किती उचलतो, सगळे मोजले. वेगात पुढचे चाक हलके होऊन हँडल पोकळ लागते, तो दोषही त्यात बराच कमी झाला. 1976 साली ती गाडी बाजारात आली: आर. 100 आर.एस., 980 सी.सी., 70 अश्वशक्ती.

आणि वेग? ताशी 200 किलोमीटर. ब्लॅक शॅडोचा 1948 सालचा तोच आकडा! अठ्ठावीस वर्षांत काटा पुढे सरकलेला नव्हता. फरक एवढाच, की आता माणूस आडोशामागे जरासा पुढे झुकून तो वेग धरून ठेवू शकत होता, आणि संध्याकाळी उतरल्यावर जेवायच्या अवस्थेत असे.

तरी सर्वांचे समाधान कुठे होते? काहींना ते पुढे झुकणे मानवेना. तेव्हा त्याच कंपनीने 1978 साली आर. 100 आर.टी. काढली: हँडल उंच, आडोसा रुंद, वेग थोडा कमी. म्हणजे ताई आणि भाचा एकाच कारखान्यात शेजारी शेजारी नांदू लागले.

आपल्याकडे मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दोन्ही दुचाकींना बंद आहेत, तेव्हा पुण्याहून मुंबईला जाताना भाच्याला खंडाळ्याच्या जुन्या घाटानेच उतरावे लागते. तिथे 200 च्या आकड्याचा उपयोग नाही. चार ब्रेक आणि न दुखणारी पाठ यांचा मात्र आहे. त्याने अजून गाडी घेतलेली नाही. ताई हल्ली गाड्यांच्या चित्रांत आधी मागची सीट पाहते.

फिल आयर्व्हिंगचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. तो ऑस्ट्रेलियाला परतला आणि मोटारींच्या शर्यतीसाठी रेप्को इंजिनाचा आराखडा त्याने केला. त्या इंजिनावर जॅक ब्रॅबम 1966 साली जगज्जेता झाला. व्हिन्सेंट 1979 साली वारला. त्याच्या गाड्यांच्या मालकांनी 1948 मध्येच एक मंडळ काढले होते. ते अजून चालू आहे, आणि कारखाना मिटल्यानंतरही त्या गाड्यांचे सुटे भाग नव्याने तयार होतात.