ढाब्याचं तेल आणि गटाचा टेम्पो



आज बोलायचं आहे ते आपल्या गटांच्या जुन्या डिझेल गाड्यांबद्दल. शहापूर आणि मुरबाडच्या बैठकांमध्ये सध्या एक प्रश्न सारखा येतो. "ताई, नाशिक हायवेच्या ढाब्यांवर तळून उरलेलं तेल स्वस्तात मिळतं. ते गाळून टेम्पोत घातलं तर चालेल का? मोबाइलवर व्हिडिओ पाहिलाय."

प्रश्न रास्त आहे. भेंडी, काकडी कल्याणच्या बाजारात पोचवायची तर डिझेलचा खर्च मोठा. पण टेम्पो हीच गटाची सगळ्यात मोठी मालमत्ता असते, आणि कर्ज काढून घेतलेला असला तर दर महिन्याला बँकेचा हप्ता असतो. इंजिन बसलं तर हप्ता थांबत नाही. म्हणून उत्तर नीट समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर, खाद्यतेलावर डिझेल इंजिन चालतं, पण टिकत नाही. त्याच तेलाचं बायोडिझेल केलं तर टिकतं. आणि ते बायोडिझेल आपण घरी किंवा अंगणात करायचं नाही. आता एकेक कारण पाहू.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने इंधन पेटतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. हे इंजिन बनवणाऱ्या रुडॉल्फ डिझेल यांच्या नावावरूनच त्याला डिझेल इंजिन म्हणतात. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात असं एक छोटं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे, आणि व्हिडिओ दाखवणारा खोटं बोलत नाही.

अडचण येते ती तेलाच्या घट्टपणामुळे. तेल डिझेलपेक्षा दहा पटीने किंवा त्याहून जास्त घट्ट असतं. भेंडीवर औषध मारायच्या पंपात घट्ट द्रावण भरलं तर काय होतं? धुक्यासारखा फवारा येत नाही, पिचकारी उडते. नोझलचंही तसंच होतं. मोठे थेंब पूर्ण जळत नाहीत. ओल्या लाकडाची चूल जशी धुमसते, तसं आत धुमसतं आणि काजळी धरते.

दुसरी गोष्ट तुम्ही रोज पाहता. कढईच्या कडेला चिकट, पिवळा-तपकिरी थर बसतो, घासूनही निघत नाही. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्याचा असा राप तयार होतो. इंजिनात तोच राप नोझलच्या तोंडावर आणि पिस्टनच्या रिंगांवर बसतो. रिंगा चिकटल्या की न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, आणि ते ऑइल घट्ट होत जातं. हे पहिल्या दिवशी कळत नाही. सुरुवातीला गाडी छान पळते, म्हणूनच फसायला होतं. मग गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते, धूर वाढतो, जोर कमी होतो, आणि शेवटी इंजिन उघडावं लागतं.

ढाब्याच्या तेलात आणखी भर पडते. त्यात पाणी, मीठ आणि पिठाचे कण असतात, फडक्याने गाळून ते सगळे जात नाहीत. पाम तेल असेल तर थंडीत गोठतं, डब्यात तुम्ही पाहिलंच असेल. टाकीत आणि नळीतही ते तसंच गोठतं.

काही देशांत लोक जुन्या गाड्या तेलावर चालवतात, पण त्यासाठी दोन टाक्या बसवतात. सुरुवात डिझेलवर करायची, रेडिएटरच्या गरम पाण्याने तेल सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापवून पातळ करायचं, मग तेलावर जायचं, आणि बंद करण्याआधी परत डिझेलवर यायचं. आपल्या टेम्पोच्या फेऱ्या जवळच्या, मध्ये दहा थांबे. तेल तापेपर्यंत बाजार येतो. शिवाय गाडीत असा बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारावं लागतं. नव्या कॉमन रेल इंजिनात तर हा प्रयोग करूच नये, त्याचं नोझल फार नाजूक आणि महाग असतं.

आता बायोडिझेल म्हणजे काय ते पाहू. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून त्याची रासायनिक क्रिया करतात. तेलातून ग्लिसरीन वेगळं होऊन खाली बसतं, वर राहतं ते पातळ बायोडिझेल. शंभर लिटर तेलापासून साधारण तेवढंच बायोडिझेल मिळतं. ते डिझेलसारखा फवारा देतं आणि काजळी कमी धरते. ॲव्हरेज मात्र किंचित कमी मिळतं.

मग आपणच का करू नये? कारण मिथेनॉल विष आहे. 2015 साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ती याच मिथेनॉलमुळे. ते पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो किंवा दगावतो. त्याची वाफ आणि कातडीवरचा स्पर्शही घातक. ते पटकन पेट घेतं आणि दिवसा त्याची ज्योत डोळ्यांना नीट दिसत नाही. ते बाळगायला परवाना लागतो. ज्या घरात मुलं खेळतात, चूल पेटते, तिथे हे काम नको. पापड-लोणच्यासारखा हा घरगुती उद्योग नाही.

महामार्गाच्या कडेला कोणी टँकरमधून स्वस्त 'बायोडिझेल' विकत असेल तर लगेच भुलू नका. त्या नावाखाली भेसळीचं इंधनही विकलं जातं. विक्रीचा परवाना मागा, पक्कं बिल मागा, माल आयएस 15607 या भारतीय मानकाचा आहे का ते विचारा. खरं बायोडिझेल मिळालं तरी जुन्या गाडीत थोडंच मिसळून सुरुवात करावी. ते टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून पहिल्यांदा डिझेल फिल्टर लवकर बदलावा लागतो. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, त्याही मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात. ते फार महिने साठवूही नये. पंपावरच्या डिझेलमध्ये मात्र सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळायला मानकाची मुभा आहे. तेवढ्याने गाडीला काही होत नाही, वेगळं काही करावं लागत नाही.

मग या सगळ्यात आपल्या गटाला काहीच नाही का? आहे. पण ते टेम्पोच्या टाकीत नाही, तेलाच्या आणि बियांच्या व्यवहारात आहे.

पहिलं, ढाब्याचं तेल. 2018 च्या जुलैपासून नियम आहे की तळण्याच्या तेलातले खराब घटक पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही. दिवसाला पन्नास लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या ढाब्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि उरलेलं तेल नोंदणी असलेल्या गोळा करणाऱ्याला द्यायचं. ते पुढे बायोडिझेलच्या कारखान्यात जातं. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने यासाठी 'रुको' नावाची योजना सुरू केली. असं तेल जर गाड्यांवरच्या वड्या-भज्यांत परत आलं, तर ते आपल्याच मुलांच्या पोटात जातं. ज्या गटांची खानावळ किंवा फरसाणाचं काम आहे, त्यांनी आपलं जळकं तेल वेगळ्या डब्यात साठवावं आणि नोंदणी असलेल्यालाच विकावं.

दुसरं, करंज. काळू आणि भातसा नदीच्या काठाने, ओढ्यांच्या कडेने करंजाची झाडं आहेत. तेल कडू, खाण्याचं नाही. आपल्या आज्या ते दिव्याला आणि खरजेला वापरायच्या. आता हिशोब करू. घाण्यावर चार किलो बियांमागे साधारण एक लिटर तेल निघतं. बी वीस रुपये किलो धरलं तर बियांचेच ऐंशी रुपये झाले, वर घाण्याची मजुरी आणि वाहतूक. म्हणजे ते तेल डिझेलच्या भावातच पडलं, आणि इंजिन खराब व्हायची भीती वेगळी. जाळण्यापेक्षा विकलेलं बरं. हे तेल साबणाला आणि शेतीच्या फवारणीला लागतं, पेंड खताला जाते. केंद्र सरकारच्या गौण वनोपजाच्या हमीभावाच्या यादीत करंज बी आहे, तो भाव विचारूनच व्यापाऱ्याशी बोला. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून गुळवेल एकत्र करून मोठ्या कंपन्यांना विकली, तीच रीत इथे चालेल.

आदिलाबादकडच्या पॉवरगुडा या गोंड पाड्यातल्या बचत गटांच्या बायकांनी हे करून दाखवलं आहे. हा भाग आपल्या यवतमाळ-चंद्रपूरच्या सीमेला लागून आहे. त्यांनी करंजाची रोपं लावली, बिया गोळा केल्या, तेलाची गिरणी चालवली. डिझेलऐवजी करंज तेल वापरल्याने जेवढा धूर वाचणार होता, त्याचा मोबदला म्हणून 2003 साली जागतिक बँकेने त्यांना 645 डॉलर दिले, तेव्हाचे जवळपास तीस हजार रुपये. रक्कम फार मोठी नाही. पण गिरणी, रोपं आणि बिया या तिन्हींचा व्यवहार बायकांच्या हातात राहिला.

एक सावधगिरी. त्याच सुमारास 'मोगली एरंड लावा, श्रीमंत व्हा' असं खूप सांगितलं गेलं. अनेकांना सांगितलं तेवढं पीक मिळालं नाही. त्याच्या बिया विषारी आहेत, मुलांनी शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या तर उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात न्यावं लागतं. चांगली जमीन अडवून असं काही लावू नका. असलेल्या झाडांच्या बिया गोळा करणं वेगळं.

आणि टेम्पोचं डिझेल खरंच वाचवायचं असेल तर साधे उपाय आहेत. चाकांत हवा बरोबर ठेवा. एअर फिल्टर वेळेवर साफ करा. नोझल तपासून घ्या. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवू नका. दोन गटांनी मिळून एकच भरलेली फेरी कल्याणला न्या. अर्धा रिकामा टेम्पो जातो, तेव्हा सगळ्यात जास्त डिझेल वाया जातं.

पुढच्या मासिक बैठकीत दोन गोष्टी वहीत लिहून काढा. गेल्या महिन्यात टेम्पोच्या किती फेऱ्या अर्ध्या रिकाम्या गेल्या, आणि आपल्या गावाच्या शिवारात करंजाची किती झाडं आहेत. ते आकडे हातात आले की पुढचं बोलणं सोपं होईल. तुमचे प्रश्न केंद्रावर जरूर कळवा.