रानात न्यायचे पाते
गिरगाव-दादरची तरुण मंडळी सह्याद्रीत निघाली की चकचकीत सुरा घेतात. चकाकी नव्हे, मूठ पाहावी. पात्याचे पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेले हवे. आखूड शेपटी मुठीतच मोडते, अन् रानात दुसरी मूठ कुठली मिळायची? घडीचा चाकू फळांपुरता ठीक. लाकडावर जोर दिला की त्याचा सांधा ढिला होतो, कधी बोटांवरच मिटतो. साधे पोलाद गंजते खरे, पण दगडावर चटकन धार घेते. परळ-लालबागचे कोकणी गिरणीकामगार गावी कवळ तोडीत तो कोयताच पाहा ना! लोहार पुष्कळदा मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा घडवतात. पाणी फार कडक दिले तर धारेचे टवके उडतात, कमी दिले तर धार दुमडते. म्हणून घेण्याआधी सुक्या फांदीवर दोन घाव घालून धार निरखावी.