जहाजावरचा पगार कोणी द्यायचा?

न्हावा-शेवाला उतरणारा माल कुठल्या कारखान्यात बनला, हे आता अनेक कंपन्या तपासतात. तो आणणाऱ्या जहाजावरच्या खलाशांना पगार मिळतो का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मालक एका देशातला, झेंडा पनामाचा, भरती बेलापूरच्या एजंटाची. मग जबाबदारी टोलवणे सोपे जाते.

भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी श्रम करारानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. तरीही अनेक घरे त्यासाठी कर्ज काढतात, आणि कर्जात अडकलेला मुलगा जहाजावरून तक्रार करायला धजत नाही. म्हणून एजंटाचा खलाशी भरतीचा परवाना (आरपीएसएल) केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाच्या (डीजी शिपिंग) संकेतस्थळावर आधी तपासावाच. निदान दोन महिन्यांचा पगार थकला, तर मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले असे करार मानतो. २०१७ पासून अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळायला हवा. विमाच नसलेल्या जुनाट जहाजांवर हा आधारही उरत नाही.

माल मागवणारी कंपनीही यातून सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वे व्यावसायिक संबंधांतून होणाऱ्या हक्कभंगाचीही दखल घ्यायला सांगतात. जहाज भाड्याने ठरवतानाच तिने विम्याचा दाखला आणि पगाराच्या नोंदी मागितल्या पाहिजेत.