प्रशिक्षणाला सात हजार, वसतिगृहाला बाराशे

बीडमध्ये टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागाने सुमारे 191 कोटी रुपयांचे प्रशिक्षण केंद्र उभारण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. वर्षाला 7,000 तरुणांना नवे तंत्रज्ञान शिकवायचे, असे उद्दिष्ट आहे. त्याचे स्वागतच. पण तिथे प्रवेश घेण्याइतके शिकलेले किती, हेही मोजायला हवे.

2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25.85 लाख. दहातले आठ जण खेड्यात. साक्षरता 77 टक्के. पुरुषांची 86, बायकांची 68. त्यातही समजून लिहिता-वाचता आले की माणूस साक्षर धरला जातो, मग शाळा चौथीतच सुटलेली का असेना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के मुलींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. या मुली आयटीआयच्या दारापर्यंतही येत नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) मात्र ऊसतोडीवर जगणाऱ्या बीडकरांच्या रोजीरोटीपर्यंत आली आहे, तीही उसातून. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रयोगात उपग्रह आणि जमिनीतले सेन्सर पाणी-खताचा सल्ला मोबाइलवर देतात. राज्याच्या 2025 च्या कृषी-एआय धोरणात पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटींची तरतूद आहे. शिवाय ऊसतोडणीसाठी 900 यंत्रांना अनुदानाची योजना 2023 पासूनची. टनाला 366 रुपयांवर राबणाऱ्या कोयत्याचे काम उद्या यंत्राकडे गेले, तर ते चालवायला आणि दुरुस्त करायला बीडचाच पोरगा हवा.

पण तो पोरगा दिवाळीच्या आसपास आईबापांसोबत ऊसतोडीसाठी गाव सोडतो आणि मार्चअखेरीस परततो. पहाटे आईबाप फडात जातात, तेव्हा थोरली मुलगी कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळत बसते. शाळेचे निम्मे वर्ष असे दरसाल जाते. अपूर्णांक हुकले की टक्केवारी हुकते, आणि टक्केवारीशिवाय एआय शिकवता येत नाही.

यावर उपाय कागदावर आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या 2021 च्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेच्या पहिल्या टप्प्यात बीडचे सहा तालुके आले. तालुक्याला मुलांचे एक, मुलींचे एक, प्रत्येकी 100 जागा. म्हणजे सगळे मिळून 1,200. ऊसतोडीला जाणारे मजूर मात्र लाखांत मोजले जातात. 191 कोटींच्या केंद्राइतकीच घाई या वसतिगृहांसाठी करा, आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधी करा.