भाषेचे कूळ आणि वंशाचा भ्रम

तलाठ्याच्या दप्तरात 'मयत खातेदार' असा शेरा लिहिला जातो, तेव्हा 'मयत' हा शब्द मूळचा अरबी आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मरणे या अर्थाचा तोच धातू हिब्रू, प्राचीन इजिप्शियन आणि उत्तर आफ्रिकेतील बर्बर भाषांतही आढळतो. नायजेरियातील हौसा भाषेत तर 'मुतू' म्हणजेच मरणे. मराठीने हा शब्द उसना घेतला. या भाषांना तो वारशाने मिळाला. उसनवारी आणि वारसा यांतील हा भेद ओळखणे, हे भाषाकुलांच्या अभ्यासाचे पहिले सूत्र होय.

या कुलाला आज आफ्रो-आशियाई म्हणतात. सेमिटिक, इजिप्शियन, बर्बर, कुशिटिक, चाडिक आणि ओमोटिक या त्याच्या शाखा सामान्यतः मानल्या जातात. पूर्वी त्याचे नाव बायबलमधील नोहाच्या शेम व हॅम या पुत्रांवरून 'हॅमिटो-सेमिटिक' असे होते. हे नाव निरुपद्रवी ठरले नाही. 'हॅमिटिक' हा भाषावाचक शब्द पाहता पाहता वंशवाचक झाला. आफ्रिकेतील संस्कृती 'कॉकेशियन' वंशाच्या हॅमाइट पशुपालकांनी आणली, असे सेलिगमन यांनी १९३० मध्ये प्रतिपादिले. बेल्जियन राजवटीने रुआंडातील तुत्सींना हॅमाइट मानून वरचढ ठरविले आणि ओळखपत्रांवर जमात नोंदविली. वस्तुतः तुत्सी व हुतू यांची भाषा एकच, आणि तीही बांटू! पुढे १९९४ मध्ये याच तुत्सींना 'परके' ठरवून त्यांची कत्तल झाली. त्या हत्याकांडात सुमारे ८ लाख माणसे मारली गेली.

केवळ शब्द व व्याकरण यांच्या कसोटीवर 'हॅमिटिक' अशी स्वतंत्र शाखाच नाही, हे जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९५० च्या दशकात दाखविले. सेमिटिक ही त्यांच्या मते अनेक समान शाखांपैकी एक. सेमिटिक वगळता बाकीच्या सर्व शाखा आफ्रिकेतीलच असल्याने कुलाचे मूलस्थान ईशान्य आफ्रिकेत असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मिलितारेव्ह यांच्यासारखे काहीजण ते पश्चिम आशियातील आद्य शेतकऱ्यांकडे नेतात. कुलाचे वय दहा हजार वर्षांहून अधिक समजले जात असल्याने हा वाद सहजी मिटणारा नाही.

तो कसाही मिटो, त्यातून कोणा मानवसमूहाचे श्रेष्ठत्व सिद्ध होणार नाही. 'आर्य' आणि 'द्रविड' या भाषाकुलांच्या संज्ञांना रक्ताचा अर्थ चिकटविणाऱ्या आपल्या समाजानेही रुआंडाचा हा धडा विसरू नये.