गमबूट लागतो? मग माप चुकलंय!

लावणीच्या दिवसांत आम्ही कसाल परिसरातल्या वस्त्यांत गमबूट घाला म्हणून सांगतो. भगिनींचं उत्तर ठरलेलं असतं, "चिखलात निघतो, बोटं सोलवटतात." तक्रार खरी आहे, पण दोष मापाचा असतो.

उंदीर आणि गुरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायांच्या भेगांतून शरीरात शिरतात. म्हणून पाय झाकायलाच हवेत.

गमबूट संध्याकाळी घ्या. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. मोजे घालून, दोन्ही पायांत चढवून दुकानात चालून बघा. बोटं मोकळी हलली पाहिजेत, टाच मात्र वर येता कामा नये. टाच सैल असली की चिखल बूट ओढून घेतो. पुरुषी माप नको, लहान नंबर मागा. आधी घरात तासभर वापरा. रात्री उलटे ठेवून सुकवा, सकाळी झटकूनच घाला. आत विंचू असू शकतो.

मजुरीला जाताना मालकाकडे गमबूट मागा, त्यात लाज कसली? आणि ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल दिसले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. 'चिखलात काम केलंय' हे आवर्जून सांगा.

जय भीम!