‘नावावर करणे’ : एका शब्दप्रयोगाचा अर्थविचार

कौटुंबिक मिळकतीच्या तंट्यांत कायद्याचा ऊहापोह पुष्कळ होतो. परंतु ज्या शब्दांतून तंटा उद्भवतो त्यांचा विचार क्वचितच केला जातो. रावेर तालुक्यात, किंबहुना सर्व महाराष्ट्रात, नित्य कानी पडणाऱ्या ‘नावावर करणे’ या शब्दप्रयोगाचे अर्थ प्रस्तुत टिपणात तपासावयाचे आहेत.

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तापी आणि सातपुडा यांच्यामधील पट्ट्यात एका वृद्ध, निपुत्रिक विधवेची स्वतःच्या मालकीची केळीची थोडी जमीन आहे. “काकू, तुम्हांला मी सांभाळीन,” असे पुतण्या म्हणतो आणि ती जमीन ‘त्याच्या नावावर करते’. पुढे सांभाळ होत नाही. ती जमीन परत मागते. दिलेले परत घेता येत नाही, असे तो उत्तर देतो. प्रकरण न्यायासनापुढे गेले की पहिला प्रश्न निघतो तो असा : नावावर केली, म्हणजे नेमके काय केले?

या एका क्रियापदाच्या पोटात निदान पाच भिन्न कृत्ये सामावलेली आहेत. किंमत घेऊन दिल्यास ते खरेदीखत. मोबदल्यावाचून दिल्यास बक्षीसपत्र. सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात सोडल्यास हक्कसोडपत्र. सामाईक मिळकतीचे हिस्से पाडल्यास वाटणीपत्र. आणि मरणोत्तर व्यवस्था लावल्यास मृत्युपत्र. मृत्युपत्र करणारा ते हयातीत केव्हाही बदलू शकतो. बक्षीसपत्राचे तसे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार स्थावराच्या बक्षिसास नोंदणी, किमान दोन साक्षीदार आणि देणाऱ्याच्या हयातीतच घेणाऱ्याची स्वीकृती आवश्यक असते. एकदा ते पूर्ण झाले म्हणजे केवळ मन पालटले म्हणून रद्द करता येत नाही. आपल्या पश्चात जमीन जावी अशा समजुतीने काकूने अंगठा उठविला असेल, आणि कागद मात्र बक्षीसपत्राचा असेल, तर तिच्या मनातील अर्थ व दस्तातील अर्थ यांमधील अंतर तिला फार महागात पडते.

‘नाव लावणे’, ‘नाव चढविणे’ व ‘नाव कमी करणे’ हे शब्दप्रयोग या गोंधळात भर घालतात. ते मूळचे तलाठ्याच्या दप्तरातील. दस्त झाल्यावर गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदला जातो आणि त्यानुसार सातबारावरील नाव बदलते. ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जात असली, तरी ती स्वतः मालकी निर्माण करीत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. लोकभाषेत मात्र सातबारावरील नाव म्हणजेच मालकी.

दस्ताची परिभाषा लोकभाषेपासून दूर का राहिली, याचे उत्तर अंशतः इतिहासात सापडते. रावेरनजीकचे बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी होती. १६०१ मध्ये असीरगड पडला व खानदेश मोगलांकडे गेला. दप्तरी फारसीचे ठसे मराठी दस्तांवर सर्वत्र उमटलेले आहेत. ‘खरेदीखत’ हा शब्द त्याच वळणाचा. ‘बक्षीसपत्र’ या समासात पूर्वपद फारसी, तर उत्तरपद संस्कृत. ‘हक्कसोडपत्र’ यात अरबी, मराठी व संस्कृत अशी तीन पदे एकत्र नांदतात. पक्षकारांना मात्र निखळ मराठीत ‘लिहून देणार’ व ‘लिहून घेणार’ असे म्हटले जाते. या नामाभिधानात ‘लिहिणे’ हेच मुख्य कृत्य ठरते; बोलण्यास त्यात स्थान नाही.

काकूच्या प्रकरणात जे निसटले ते नेमके हेच. “मी सांभाळीन” हे वचन बोलले गेले. लिहिले गेले नाही. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणविषयक अधिनियमाच्या कलम २३ अन्वये, मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. परंतु अट होती हे दिसले पाहिजे. आईने अपत्यांच्या लाभात केलेल्या हक्कसोडपत्राच्या एका प्रकरणात, अशी अट होती हे प्रस्थापित न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२२ रोजी आईविरुद्ध निर्णय दिला. उलट, मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका प्रकरणात मुलगा सांभाळ करतो असा उल्लेख बक्षीसपत्रात होता, आणि सांभाळ न केल्यास मिळकत परत घेता येईल असे स्वतंत्र वचनपत्र आईने पुढे ठेवले होते. मुलाने ते बनावट म्हटले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने बक्षीसपत्रात अट नाही म्हणून आईविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी कायद्याचा हेतू ध्यानी घेऊन, दोन्ही कागद एकत्र वाचून, बक्षीसपत्र रद्द ठरविले.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहता हा वाद ‘सांभाळ करतो’ आणि ‘सांभाळ न केल्यास’ या दोन रचनांमधील आहे. पहिली केवळ वस्तुस्थिती सांगते. दुसरी परिणाम बांधून देते. घरातील बोलण्यात पहिलीतूनच दुसरी गृहीत धरली जाते, कारण तेथे नाते हीच अट असते. नात्यावरचा विश्वास कागदावर आपोआप उतरत नाही.

म्हणून सही-अंगठ्यापूर्वी दस्त केवळ वाचून दाखविणे पुरेसे नाही. देणाऱ्याने तो आपल्या बोलीत उलट सांगावा : काय दिले, केव्हापासून दिले, कोणत्या अटीवर दिले. ‘नावावर केले’ एवढेच उत्तर आले, तर दस्त अद्याप समजलेला नाही, असे खुशाल मानावे.